शांतता काढायचं बटण

मी बोलतोय, आणि आज माझं बोलणं संपेपर्यंत कुणी मला बंद करायचं नाही. नवा संगणक घेतला की त्याच्याबरोबर व्हिडिओ कापायचं-जोडायचं एक साधंसुधं सॉफ्टवेअर फुकट येतं ना, तोच मी.

'फुकट ते पौष्टिक' असं तुम्ही म्हणता खरं, पण ते तोंडदेखलं. फुकट मिळालेल्याची काय किंमत असते ते मला विचारा. पैसे मोजून आणलेली सॉफ्टवेअरं पडद्यावर मधोमध ऐटीत बसतात. मला जागा कुठे, तर खाली कोपऱ्यात, आकडेमोडीच्या यंत्राशेजारी. कुणीतरी मला चुकून उघडतं, 'हे काय उघडलं' म्हणतं आणि बंद करतं. वाढदिवसाच्या व्हिडिओत मध्येच आलेला कुणाचा तरी अंगठा कापायचा असला की मात्र माझी आठवण होते. काम झालं की पुन्हा ओळख नाही. गरज सरो, वैद्य मरो.

माझा जन्म एका थंडगार खोलीत झाला. मला घडवणाऱ्यांनी माझ्या अंगात मोजकीच कामं घातली. कापणं, जोडणं, आवाज लहान-मोठा करणं, चित्रावर अक्षरं टाकणं. एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना पान उलटल्यासारखं दिसावं, चांदणी फुटल्यासारखं दिसावं, असले चाळेही भरपूर घातले. आणि शेवटी कुणा शहाण्याला सुचलं म्हणून एक बटण बसवलं, 'शांतता काढा'. ते दाबलं की बोलणारा माणूस जिथे जिथे थांबला असेल ती जागा मी शोधायची, कापून टाकायची आणि पुढचा शब्द ओढून मागच्याला चिकटवायचा. हे बटण कशाला हवं होतं, असं मी तेव्हाही म्हणत होतो. माझं कोण ऐकतं?

ज्या घरात मी आलो ते तीन माणसांचं. एक मुलगी, तिला सगळे धाकटी म्हणायचे. थोरली दूरदेशी नोकरीला गेली तरी हिचं नाव धाकटीच राहिलं. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि उरलेला सगळा वेळ सिनेमाच्या नादात घालवायची. दुसरे तिचे बाबा, पाणीखात्यातून निवृत्त झालेले. नळ गळतोय असं कानावर आलं की शेजाऱ्याच्या घरातही न विचारता घुसणारे. आणि तिसरी बाबांची धाकटी बहीण, म्हणजे धाकटीची आत्या.

या आत्यामुळेच मी आज इतका चिडलोय. तिच्यावर नाही हो, तिच्यासाठी.

आत्या बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. काचेच्या एका खोक्यात बसून तिने आयुष्य काढलं. तिचा चेहरा फारसा कुणाला ठाऊक नव्हता, पण तिचा आवाज सगळ्या शहराने ऐकलेला. कुठली गाडी कितव्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येणार, हे ती असं घडाघडा सांगायची की गाडी चुकलेला माणूससुद्धा शांत व्हायचा. मग तिला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, डोकं पहिल्यासारखं चालायला लागलं, पण बोलणं अडलं. शब्द तिला माहीत असतो. तो तोंडाशी यायला मात्र वेळ घेतो. एक शब्द आला की ती थांबते, दुसरा शोधते, तो घेऊन येते, पुन्हा थांबते.

आता यात लोकांना घाई असण्याचं कारण काय? पण नाही. आत्याने 'च' म्हटलं की चहा, चष्मा, चादर, सगळं घेऊन माणसं हजर. तिला म्हणायचं असायचं, चल, जरा बाहेर जाऊन येऊ. बाबांचं तर विचारूच नका. जीव होता त्यांचा बहिणीवर, पण तिचं एक वाक्य त्यांनी पुरं होऊ दिलं असेल तर शपथ. आपणच तिचं वाक्य संपवायचं, आपणच त्याला उत्तर द्यायचं आणि वर म्हणायचं, 'बघ, आज किती गप्पा मारल्यास.' शेवटी आत्याने बोलणंच टाकलं. मानेने हो, मानेने नाही.

धाकटी तेवढी निराळी. ती आत्यासमोर हनुवटी हातावर टेकवून बसायची आणि वाट बघायची. मध्ये एक अक्षर बोलायची नाही. म्हणून आत्या बोलायची ती फक्त तिच्याशी.

त्यातूनच एक सिनेमा निघाला. धाकटीने गोष्ट लिहिली. बसस्थानकावर हरवलेल्या वस्तू जमा करतात त्या खोलीतली एक बाई आहे. कुणीतरी विसरून गेलेली एक छत्री तिने वर्षानुवर्षं सांभाळली आहे. नोकरीच्या शेवटच्या दिवशी ती छत्रीच्या मालकाचं घर शोधत निघते. बस्स, एवढीच गोष्ट. ती बाई आत्याने करायची. आत्या नाहीच म्हणत होती. मग तिने एक अट घातली. मी बोलेन तसं ठेवायचं. धाकटीने शब्द दिला.

फोनवर चित्रण झालं आणि पाऊण तासाचा तो अख्खा सिनेमा माझ्यात जोडला गेला. मोठ्या सॉफ्टवेअरचं नाव नको की गाव नको. संगणकाचा पंखा घरघरत होता, कळफलकावरचं एक बटण निखळलं होतं, तरी धाकटी आणि मी मिळून एकेक दृश्य लावलं. आत्या थांबते तिथे सिनेमाही थांबतो. धाकटीने कुठेही कात्री लावली नाही. तेव्हा मला वाटलं होतं, चला, जन्माचं सार्थक झालं.

ग्रंथालयाचं सभागृह सांभाळणाऱ्या बाईंनी सिनेमा पाहिला, त्यांना तो आवडला. रविवारी संध्याकाळी दाखवू म्हणाल्या. सिनेमा संपला की आत्याने मंचावर येऊन चार शब्द बोलावेत, असंही त्यांनी सुचवलं. आत्याने बराच वेळ विचार करून होकाराची मान हलवली. झटका आल्यापासून ती लोकांसमोर तोंड उघडणार होती ती पहिल्यांदाच. धाकटी त्या दिवशी घरभर नाचायची तेवढी राहिली होती.

बाईंना फक्त एक ट्रेलर हवा होता. दीड मिनिटाच्या आतला. दारातल्या टीव्हीवर लावायला आणि लोकांच्या फोनवर पाठवायला.

आणि इथे फोटोवाले काका आले. काका म्हणजे बाबांचे मित्र. त्यांचा फोटोचा स्टुडिओ. ओळखपत्रावर माणूस चोरासारखा दिसतो ना, ते फोटो हेच काढतात. पण बोलणं असं की सिनेमाचा शोध यांनीच लावला. त्यांनी खुर्ची ओढली, माझ्याकडे पाहिलं आणि हसले. म्हणाले, हे तर लहान मुलांचं खेळणं आहे, माझ्याकडे बघ केवढं महागाचं सॉफ्टवेअर आहे. आहे हो. त्यात ते फक्त लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग पुसतात, हे मात्र सांगितलं नाही.

ट्रेलर म्हणजे दणदणाट हवा, असं त्यांचं म्हणणं. लोक क्षणात पुढे सरकतात, त्यांना श्वास घेऊ द्यायचा नाही. मग काय, धाकटीने माझ्या संगीताच्या पेटीतला सगळ्यात मोठा ढोल काढला. छत्रीच्या दृश्यावर ढोल! बिचारी छत्री कोपऱ्यात उभी आहे आणि मागे युद्ध पेटलंय. अक्षरं गरगरत आली, चांदण्या फुटल्या, पानं उलटली. मी मुकाट्याने सगळं करत होतो. सांगकाम्या मी, आणखी काय करणार?

तरीही ट्रेलर लांबत होता. कारण त्यात आत्या दोन ठिकाणी बोलत होती आणि तिची दोनच वाक्यं अर्धाअधिक वेळ खात होती. काकांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे बटण कशाला दिलंय? मधली रिकामी जागा काढून टाक की."

धाकटी क्षणभर थांबली. मी आशेने बघत होतो. मग तिने बटण दाबलं.

मी कापलं. मला सांगितलं की मी कापतो, माझ्यात दुसरं काही घातलेलंच नाही. आत्या जिथे जिथे थांबली होती ती प्रत्येक जागा गेली, शब्द शब्दाला चिकटला. आणि संगणकातून आत्याचा आवाज आला, "वस्तू हरवत नाहीत, माणसं यायची राहतात." घडाघडा. एका दमात. थेट बसस्थानकावरचा आवाज.

बाबा स्वयंपाकघरातून धावत आले. हातात भांडं तसंच. पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा लावलं. बाबा रडायला लागले. "माझी बहीण आहे ही. हाच तो आवाज." धाकटीच्याही डोळ्यांत पाणी आलं. काका पाठ थोपटून घ्यायला तयारच होते. आपण दिलेला शब्द मोडतोय हे धाकटीला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. तिचं बोट पूर्ववत करायच्या बटणावर जाऊन दोनदा परत आलं, ते मी पाहिलं. पण बाबा रडत होते, आवाज गोड होता, आणि तिने ट्रेलर पाठवून दिला. शेजारच्या खोलीत बसलेल्या आत्याला कुणी विचारलं नाही.

मला संताप आला तो या गोष्टीचा. ज्या एका मुलीने या बाईचं वाक्य कधी तोडलं नाही, तिनेच ते माझ्याकडून तोडून घेतलं. आणि तोडलेलं सगळ्यांना आवडलं!

ट्रेलर या फोनवरून त्या फोनवर फिरला. जो तो म्हणायला लागला, आत्या बरी झाली. वाण्याने बाबांना थांबवून अभिनंदन केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बसस्थानकाच्या जुन्या साहेबांचा फोन आला. आत्या माझ्यासमोरच, टेबलाशी बसली होती. साहेबांचा आवाज मुळातच दांडगा, फोन कानाला असला तरी खोलीभर ऐकू येत होता. त्यांना झालेला आनंद खोटा नव्हता, ते मी कबूल करतो. ते म्हणाले, "बाई, आवाज परत आला की तुमचा! नव्या स्थानकाच्या घोषणा आता तुम्हीच करायच्या. मी शब्द टाकतो वर. काय?"

आत्याने तोंड उघडलं. 'सा' आला. मग ती पुढचं आणायला गेली. मला दिसत होतं, तिच्या ओठांची हालचाल चालू होती, हात टेबलाची कड धरून होता. शब्द वाटेत होता.

"हॅलो? हॅलो? बाई? आवाज येत नाही. लाइन गेली वाटतं," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आत्याने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. बराच वेळ ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. लाइन कुठे गेली होती? बाई समोर होती, शब्द घेऊन येत होती. पण थांबलेलं माणूस म्हणजे बिघडलेलं यंत्र, असंच तुम्हाला वाटतं.

संध्याकाळी चहाच्या वेळी ती सगळ्यांसमोर बोलली. "रविवारी मी येणार नाही. ट्रेलरमधल्या बाईला बोलवा." हे ऐकायला तुम्हाला दोन क्षण लागले. तिला हे बोलायला बाबांचा चहा निवेपर्यंत वेळ लागला. त्या दिवशी बाबांनीही मध्ये तोंड घातलं नाही, कारण हे वाक्य कुठे जाणार ते त्यांना कळेना.

मग सुरू झाला दोष देण्याचा कार्यक्रम. आणि दोष कुणाला? मला. फोटोवाले काका म्हणाले, मी तरी सांगत होतो, असल्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर काम करू नये, ते काहीही कापतं. बाबा म्हणाले, यंत्राला माणसाची कदर नसते. आणि धाकटी, जिच्यासाठी मी रात्रंदिवस राबलो, तीसुद्धा खाली मान घालून म्हणाली, "त्यानेच आपोआप कापलं."

आपोआप? अहो, बटण काय वाऱ्याने दाबलं गेलं? नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. सगळ्यांनी मिळून ते वाक्य डोळे पुसत पुसत ऐकलं, तेव्हा मी गुणी होतो. आता चोर सोडून संन्याशाला फाशी. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी काकांचे सगळे ओळखपत्राचे फोटो चव्हाट्यावर मांडले असते.

एक गोष्ट मात्र रागाच्या भरात कुणाच्या लक्षात राहत नाही. मी कापतो, पण टाकून देत नाही. मूळ चित्रण जिथल्या तिथे असतं. कापलेली कड धरून ओढली की गेलेलं सगळं परत येतं. हे मी ओरडून सांगितलं असतं, पण सांगणार कसा?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा बाहेर गेले होते. धाकटी माझ्यासमोर नुसती बसून होती, काही करत नव्हती. आत्या आली, शेजारची खुर्ची ओढून बसली. तिने बोटाने दाखवलं, माझं थांबणं कुठे गेलं ते दाखव.

धाकटीने कड धरून ओढली. मी उघडून दाखवलं. माझ्यात आवाज पट्टीवर दिसतो. शब्द असेल तिथे उंच उंच कंगोरे, शब्द नसेल तिथे सरळ रेघ. कापलं तेव्हा मी ती सरळ रेघच कापली होती. धाकटीने ती मोठी करून दाखवली, आणि मोठी केल्यावर ती सरळ नव्हतीच. बारीक बारीक खडबड होती तिच्यावर. काय आहे हे, असं आत्याने खुणेने विचारलं. श्वास, धाकटी म्हणाली. हा ओठ मिटल्याचा आवाज. हा पुन्हा श्वास.

आत्याने त्या खडबडीवर बोट ठेवलं, काचेला टेकवून. धाकटीने हनुवटी हातावर टेकवली.

"इथे मी गप्प नव्हते. शब्द आणत होते."

धाकटी रडली. माफी मागितली, शब्द मोडला म्हणाली, आवडलं म्हणून ठेवलं म्हणाली, सगळं खरं खरं बोलली. सॉफ्टवेअरने कापलं नाही, मी कापलं, हेही म्हणाली. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. चालायचंच. आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग तोच हात माझ्या पडद्याकडे केला. कर पुन्हा.

नवा ट्रेलर करायला त्यांना फारसा वेळ लागला नाही. ढोल गेला. चांदण्या गेल्या. गरगरणारी अक्षरं गेली. राहिलं एकच दृश्य. हरवलेल्या वस्तूंच्या खोलीची खिडकी, खिडकीमागे आत्या, आणि तेच एक वाक्य, तिला लागतो तेवढा वेळ घेऊन. शेवटी साध्या अक्षरांत सिनेमाचं नाव आणि रविवार.

काकांनी कपाळावर हात मारला. याला ट्रेलर म्हणत नाहीत म्हणाले. बाबांनाही ते झेपत नव्हतं. पहिलाच राहू दे, ते आत्याला समजावू लागले. "अगं, लोकांना तुझा तो आवाज आवडलाय, उगाच कशाला आता..."

आत्याने हात वर केला. "दादा. माझं वाक्य मीच संपवणार." बाबा उठून नळ बघायला गेले. नळ गळत नव्हता.

ट्रेलर गेला आणि तासाभरात सभागृहाच्या बाईंचा फोन. त्या म्हणाल्या, तुमचा व्हिडिओ मध्येच अडकतोय, दारातल्या टीव्हीवर शिपायाने तीन वेळा चापट मारून बघितली. मला हसावं की रडावं कळेना. धाकटीने त्यांना सांगितलं, अडकलेला नाही, ती बोलणार आहे, थोडं थांबा. बाईंनी फोन चालू ठेवून टीव्हीसमोर उभं राहून पाहिलं. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, ठीक आहे, असाच लावते.

रविवारी मलाही सभागृहात नेलं, कारण सिनेमा याच संगणकावरून दाखवायचा होता. मान अर्थात व्हिडिओ दाखवणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरला. ते पडद्यावर, मी कोपऱ्यात. पण ऐकत होतो सगळं. आत्या आली होती. पहिल्या रांगेत, भावाच्या आणि भाचीच्या मध्ये बसली होती. सभागृह अर्धं भरलं होतं, आणि त्यातले बरेच जण पहिला ट्रेलर बघून, जुना आवाज ऐकायला आलेले. तिसऱ्या रांगेत बसस्थानकाचे साहेब.

आत्या पडद्यावर पहिल्यांदा बोलली तेव्हा खुर्च्या करकरल्या. कुणीतरी खोकलं. कुणीतरी शेजाऱ्याला विचारलं, बिघडलं का काही? धाकटीचे पाय सारखे हलत होते. मग हळूहळू करकर कमी झाली. लोक पुढे वाकून बघायला लागले.

आणि शेवटचं दृश्य आलं. छत्रीच्या मालकाचं दार. म्हातारा दार उघडतो. बाई छत्री पुढे करते आणि तोंड उघडते. 'तुम्ही' म्हणते. थांबते.

झालं, माणसांची सवय! मागून एक आवाज आला, "तुमची छत्री!" दुसरा म्हणाला, "घ्या म्हणतेय." तिसऱ्याला वाटलं, 'तुम्ही कोण' असं विचारायचं असेल. मी कोपऱ्यात नुसता धुमसत होतो. पण बोलायचं तिला होतं. आत्या पहिल्या रांगेतून उठली, मागे वळली आणि लोकांकडे बघत म्हणाली, "थांबा."

हा शब्द तिला एका दमात आला.

सभागृह गप्प झालं. पडद्यावरची बाई शब्द आणत होती, आणि सगळे तिच्याबरोबर वाट बघत होते. मग ती बोलली, "तुम्ही विसरलात. मी नाही विसरले." हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सांगा, कापलं असतं तर काय राहिलं असतं?

नंतर आत्या मंचावर गेली. चारच वाक्यं बोलली, आणि त्यांना लागायचा तेवढा वेळ लागला. आलात, बरं वाटलं, असं काहीसं. बाबा खाली बसून ओठ दाताखाली दाबून धरत होते, चुकून तोंडातून शब्द निघू नये म्हणून. आणि त्यांनी तो निघू दिला नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो.

लोक पांगले तसे साहेब पुढे आले. माझ्या टेबलाजवळच उभे राहिले. जन्मभर वरच्या पट्टीत बोललेला माणूस. म्हणाले, "बाई, त्या दिवशी फोनवर मी..." आणि अडकले. पुढचं सुचेना. तोंड उघडं, हातातली टोपी चुरगळतेय. बाबांनी मदत करायला तोंड उघडलं, तर आत्याने त्यांच्या दंडाला हात लावला. साहेबांचं वाक्य तिला ठाऊक होतं. आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. तिने ते पुरं केलं नाही. ती त्यांच्यासमोर उभी राहिली, त्यांच्याकडे बघत, आणि त्यांना हवा तेवढा वेळ दिला.

"मी थांबायला हवं होतं," साहेब शेवटी म्हणाले. आत्याने मान डोलावली.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. धाकटीने दुसरा सिनेमा हाती घेतलाय आणि त्यासाठी नवा संगणक, नवं महागाचं सॉफ्टवेअर आणलंय. माझी कुणी चौकशीही केली नाही, ते सोडा. हा जुना संगणक आत्याच्या खोलीत आला. ती दुपारी मला उघडते, फोनवर रेकॉर्ड केलेली आपली बोलणी माझ्यात टाकते, ओढून ओढून बघते. कापत काहीच नाही. मला एवढ्या कौतुकाने कुणी वापरलेलं नाही.

पण माझे दिवस भरत आलेत, कारण मला सुधारायचं ठरलंय. पडद्यावर रोज एक सूचना येते. नवी आवृत्ती तयार आहे. तिच्यात म्हणे कुणाला बटण दाबावं लागणार नाही. बोलणं आत आलं की शांतता आपोआप काढली जाईल, न विचारता. याला सुधारणा म्हणतात! ज्यांनी हे ठरवलं त्यांच्यापैकी एकाला तरी मी दुपारभर आत्याच्या खोलीत बसवलं असतं.

तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणीतरी कोपऱ्यात पडलेला असेल. आणि कदाचित आत्यासारखंही कुणी असेल. माझं राहू द्या. तिच्या समोर मात्र जरा बसा, आणि तिच्या तोंडचा शब्द काढून घेऊ नका.

काल ती सूचना आली तेव्हा धाकटी मागे उभी होती. करून टाकू का गं, तिने विचारलं. आत्याने सूचना पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. 'आत्ता' आणि 'नंतर' अशी दोन बटणं होती. आत्याने बोट उचललं. धाकटी गप्प उभी राहिली, मीही. बराच वेळ ते बोट हवेत होतं.

मग तिने 'नंतर' दाबलं. रोज तेच दाबते.